पोचलं का?

शेजारच्या बोरसे सरांकडून भरताची वाटी आली की तिच्या पाठोपाठ सर स्वतः यायचे. वाटी आणणारी त्यांची कामवाली बाई आमच्या फाटकातून बाहेरही पडलेली नसायची, तोवर सर पायरीवर उभे, पावती मागावी तसा हात पुढे केलेला.

"पोचलं का?"

"पोचलं सर."

"कुठपर्यंत?"

आता याला काय उत्तर द्यायचं? भरीत घरापर्यंत पोचलं होतं, ताटापर्यंत पोचलं होतं आणि पहिला घास तर धड बोलता येऊ नये इतका आत गेला होता. पण सरांचं तेवढ्यावर भागत नसे. "तिखट लागलं का? नाकातून पाणी आलं का? आलं ना? मग पोचलं म्हण." एवढी खात्री करून घेतली की ते वळायचे. कुंपणापलीकडून अक्कांचा आवाज यायचा, "अहो, खाऊ द्या नं त्या भाऊले सुखानं!"

मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. जळगावात हा धंदा करणारे पैशाला पासरी आहेत, त्यांतलाच मी एक. सर इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झालो आणि पुढे त्यांच्याच शेजारी प्लॉट घेऊन बसलो. ते मला नावानं हाक मारत नाहीत, "ठिबक" म्हणतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला भर बाजारात "ए ठिबक!" अशी हाक ऐकू आली की कसं वाटतं, ते मी इथे सांगत बसत नाही.

सर शिंदखेड्याकडचे, घरची बोली अहिराणी. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी विमलअक्का, जळगावजवळच्याच असोद्याच्या. लग्न दोघांनी आपलं आपण ठरवलेलं, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी बरीच वर्षं फुगून बसली होती. मूलबाळ झालं नाही, तेव्हा दोन्हीकडच्यांना एकदम आनंद झाला असावा, असं मला त्यांच्या वागण्यावरून वाटतं. सर वर्गात पुस्तकातली मराठी बोलायचे, आणि चिडले किंवा विरघळले की अहिराणीत शिरायचे. अक्का मात्र सगळीकडे असोद्याचंच बोलायच्या. केळीला केयी म्हणायच्या आणि गळ्याला गया. "भाऊ, काय सांगू तुम्हाले," त्या मला म्हणाल्या होत्या, "लग्नात हार घातला या मानसाच्या गयात, तं मलेच इचारते, पोचला का!"

"पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे," हे सरांचं लाडकं वाक्य. हजेरी घेताना पोरं "यस सर" म्हणायची, तर सर म्हणायचे, "घरच्यांनी तुला पाठवलंय एवढंच यावरून कळतं. पोचलास का ते परीक्षेत बघू." मी पोचलो नव्हतो. मोबाइल आले तेव्हा मला वाटलं, आता तरी या माणसाचं समाधान होईल. निरोप पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा येतात, आणखी काय पाहिजे? सर म्हणाले, "खुणा निळ्या म्हणजे दिसलं. पोचलं कुठे?"

अक्कांच्या भावाच्या, वासुनानांच्या, असोद्याच्या केळीत मी ठिबक बसवलं तेव्हा सगळे मोटरीपाशी उभे होते. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, माझं कौतुक झालं. सर एकटे धोतराचा सोगा उचलून नळीच्या कडेकडेनं चालत पार टोकाला गेले, शेवटच्या झाडापाशी उकिडवे बसले आणि मातीत हात घालून तिथून ओरडले, "पोचनं नही रे, ठिबक!" खरंच पाणी तिथवर गेलं नव्हतं. कुठेतरी जोड निसटला होता. पाच मिनिटांचं काम, पण चारचौघांत माझी शोभा झाली ती झालीच.

मराठीत पोच या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे पावती. दुसरा म्हणजे कुठे काय बोलावं याची समज. सरांना पहिली पोच लागायचीच आणि दुसरी त्यांच्याकडे नव्हतीच, याबद्दल आमच्या कॉलनीचं एकमत होतं. एरवी या कॉलनीचं गटारीच्या उतारावरसुद्धा एकमत होत नाही.

हे एकमत झालं माझ्या वडिलांच्या दशक्रियेला. गिरणेच्या काठी पिंड ठेवला होता, कावळा काही येईना, माणसं उन्हात ताटकळली होती. शेवटी एक आला, पिंडाला चोच लावली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बायका डोळे पुसू लागल्या. त्या शांततेत सर मला म्हणाले, "कावळा शिवला हे ठीक. पण आप्पांना पोचलं का?"

माझे काका त्यांच्या अंगावर धावून गेले. मीसुद्धा त्यानंतर काही महिने सरांशी बोललो नाही. आमच्या घरी भरताची वाटी येत राहिली. पाठोपाठ सर यायचे, पण फाटकाबाहेरच उभे राहायचे आणि तिथूनच विचारायचे. एकदा तोंडातलं भरीत न गिळताच मी "पोचलं" म्हणून ओरडलो. भांडण तिथे मिटलं. अशा माणसाशी कुणी भांडावं तरी किती?

मग अक्का शब्द चुकायला लागल्या.

सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. त्या चमच्याला कुलूप म्हणाल्या, कुलपाला भेंडी म्हणाल्या. एकदा सरांना "अहो, केयं" अशी हाक मारली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सर हसले नाहीत. ते त्यांना घेऊन तपासायला गेले, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथे आपले शब्द राहतात तिथेच, गाठ निघाली. वाईट जातीची. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, शेक घेऊन झाले, केस गेले. काही महिने बरे गेले आणि गाठ परत वाढायला लागली.

कॉलनी भेटायला आली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची एक पद्धत आहे. आधी आजाऱ्याकडे न बघता घरच्यांना विचारायचं, मग आपल्या ओळखीचं याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगायचं, आणि उठताना "काही लागलं तर सांगा" म्हणायचं. सरांनी एकदा कुणाला तरी तिथेच "धुणं पडलंय दोन दिवसांचं, धुता का?" असं विचारलं. तो माणूस परत आला नाही. सरांना पोच नाही, हे आणखी एकदा सिद्ध झालं.

त्या सुमारास अक्कांना एक नवी गोळी सुरू झाली. ती कशी काम करते हे मला विचारायची गरजच पडली नाही, सरांनी ओट्यावर बसवून शिकवलं. मला वर्गात समजलं नसतं, तिथे समजलं. गाठीत एक प्रथिन असतं, एन्झाइम. ते पेशींना सारखं सांगत राहतं, वाढा, वाढा. त्या प्रथिनाला एक खाच असते. गोळीतलं औषध जाऊन नेमकं त्या खाचेत बसतं, म्हणजे त्याचं काम बंद. "कुलपात कुणी खडा घालून ठेवावा, तसं," सर म्हणाले. "चावी फिरतच नाही."

"मग झालं की सर!"

"काय झालं? मेंदूला राखण असते, ठिबक. रक्तात आलेली प्रत्येक वस्तू मेंदू आत घेत नाही. गोळी पोटात गेली, रक्तात गेली, रक्तात ती सापडते. गाठीत गेली का? खाचेत बसली का? पोचनं का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा प्रश्न बरोबर वाटला.

कारण ती गोळी अक्कांना छळत होती. तोंड आतून सगळं सोललेलं. अंगावर पुरळ. पोट टिकत नव्हतं. नुसती दाळ गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्याला तिखट कारण नव्हतं. भरीत तर लांबच राहिलं. एक दिवस मी बसलो होतो तेव्हा त्यांनी उरलेसुरले शब्द एकेक करून गोळा केले आणि सरांना म्हणाल्या, "पोचत असीन तं खाते मी. मरमर खाते. पोचत नसीन तं... कायले?" मग हातानं पूर्वेकडे दाखवलं. "असोदा. भरीत." त्यांना एवढंच हवं होतं. गोळी पोचत असेल तर सोसायची, नसेल तर बंद करून माहेरी जायचं आणि भरीत खायचं. सरांनी मान हलवली. म्हणाले, "मी बघून सांगतो तुला. मोजून सांगतो."

डॉक्टरांना त्यांनी विचारलं. ते म्हणाले, बाहेरून कळायला मार्ग नाही, गाठीचा तुकडा हाती आला तरच मोजता येईल, आणि तेही इकडे कुठे होत नाही. पुढे डोक्यातला दाब वाढला आणि दुसरं ऑपरेशन करावंच लागेल असं ठरलं, धुळ्याला. कुठल्या रुग्णालयात ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सरांची एक जुनी विद्यार्थिनी, वैशाली, पुण्याला प्रयोगशाळेत आहे. तिच्याकडे रेणूंचं वजन करणारं यंत्र आहे. सरांनी फोन केला. ती म्हणाली, "सर, तुरीच्या दाण्याएवढा तुकडा द्या. गोळी त्यात किती आहे आणि त्या प्रथिनाला धरून बसली आहे का, दोन्ही बघते. पण काढल्या काढल्या गोठवा. पाणी नको, औषध नको. फॉर्मलिनचा तर थेंबसुद्धा नको. फॉर्मलिनमध्ये पडला की मला काही सांगता येणार नाही."

तुकडा लगेच गोठवायचा म्हणजे द्रवरूप नायट्रोजन पाहिजे. तो कुठे मिळणार? सरांनी डोकं चालवलं. गावोगाव गाई भरवायला जे लोक फिरतात, त्यांच्याकडे वळूचं वीर्य गोठवून ठेवायला त्याचीच टाकी असते. पाचोऱ्याला माझं एक गिऱ्हाईक हे काम करत होतं. त्याच्याकडून मी टाकी मागून आणली. वरती मोठ्या अक्षरांत "गीर" असं लिहिलेलं होतं. शब्द खरवडून काढायला वेळ मिळाला नाही. ती टाकी दोन पायांमध्ये धरून मी गाडीतून धुळ्याला गेलो, आणि रुग्णालयाच्या दारात वॉचमननं मला अडवलं.

"काय शे यामा?"

मी काय सांगणार? सर पुढे झाले. "थंडी शे," म्हणाले. वॉचमननं झाकण उघडायला लावलं, वाफ बाहेर आली तसा तो दोन पावलं मागे सरला आणि आम्हाला आत जाऊ दिलं.

त्या मजल्यावर बापू नावाचा एक कर्मचारी होता. मिशा पांढऱ्या झालेला, कामाला चोख, पण सरांच्या तावडीत सापडलेला. आदल्या दिवशी अक्कांच्या रक्ताची नळी त्यानं टेबलावर ठेवली आणि तो चहाला गेला. सरांनी त्याला सगळ्या वॉर्डासमोर धरला. "नळी पोचली का? कुणाच्या हातात दिलीस? पोच कुठे आहे? पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे, बापू!" बापूनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आपल्या कामात कुणी खोट काढलेली त्याला सहन होत नव्हती, हे त्याच्या कानांवरून दिसत होतं. लाल झाले होते.

ऑपरेशनच्या वेळी आम्ही बाहेर बाकावर. टाकी माझ्या पायाशी. डॉक्टर भला माणूस, त्यानं शब्द दिला होता की वेगळ्या कोऱ्या कुपीत तुकडा काढून ठेवतो, तो बाहेर येईल, तुम्ही लगेच गोठवा. सर दाराकडे टक लावून होते. त्यांना लघवीला जायचं होतं आणि ते जात नव्हते. शेवटी मीच म्हटलं, "जाऊन या सर, मी आहे ना." ते गेले. नेमका तेव्हाच अक्कांचा भाऊ वासुनाना जिना चढून आला आणि मोठ्यानं विचारायला लागला, "माही बहीण कुठी हाय?" मी त्याला गप्प करायला जिन्यापाशी गेलो.

परत आलो तर सर बाकावर येऊन बसले होते आणि दार अजून बंदच होतं. तेवढ्यात कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून बापू आला. धावत आलेला होता, दम लागला होता. चेहरा उजळलेला.

"सर, पोचनं!"

सर उठून उभे राहिले. "काय?"

"बठ्ठं पोचनं सर! दोन्ही बाटल्या. एक तं कोरडीच व्हती, सिस्टरनी भुलीसन आतमा काही टाकंच नव्हतं. मी सोता फॉर्मलिन टाकं, सोता लॅबमा नेऊन दिधं. आज टेबलवर ठेवं नही." त्यानं खिशातून एक चिठोरी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "ही दखा, पोच."

मी डॉक्टरला गाठलं. तो कपाळाला हात लावून उभा राहिला. आणखी तुकडा? म्हणाला, काढता येण्यासारखं होतं तेवढं काढलं, डोकं शिवून झालं, आता शक्य नाही. मी परत आलो तो बापूची मान धरायच्या तयारीनं. सरांच्या आधी मीच त्याला झोडणार होतो. आणि सर तर त्याला जिवंत सोडणार नाहीत, याची मला खात्री होती. जन्मभर ज्या माणसानं शिंप्याला, पोस्टमनला, गॅसवाल्याला, माझ्या मेलेल्या बापालासुद्धा सोडलं नाही, तो याला काय सोडतो?

सरांच्या हातात ती चिठोरी होती. ती त्यांनी नीट वाचली. बापू त्यांच्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत.

"बरं झालं, बापू," सर म्हणाले. "बरं झालं नेऊन दिलंस."

बापू खूश होऊन गेला. मी सरांकडे बघत राहिलो. त्यांनी चिठोरीची घडी केली आणि मला म्हणाले, "टाकी परत देऊन ये रे. त्याच्या गाई खोळंबल्या असतील."

अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचे सगळे शब्द गेले होते. फक्त एक राहिला होता. जन्मभर कानांवर आपटून आपटून तो बहुतेक मेंदूत खोल रुतून बसला असावा. पाणी हवं असलं की त्या म्हणायच्या, "पोचलं." नको असलं तरी "पोचलं." दुखलं तरी तेच, सिस्टरनं तोंड पुसून दिलं तरी तेच. वॉर्डातल्या बायका हसायच्या. मला त्या बायकांचा फार राग यायचा, पण पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं.

काही दिवसांनी असोद्याहून निरोप आला की अक्कांना तिकडे आणलंय आणि गोळी बंद केली आहे. मी भेटायला गेलो. ओसरीवर वासुनाना आणि भाऊबंद बसले होते, सरांची झडती चालली होती. कुणाला विचारून बंद केली? डॉक्टरांनी सांगितलं का?

सर म्हणाले, "पुण्याहून रिपोर्ट आला. गोळी गाठीत पोचत नव्हती."

मी उंबऱ्यावरच थबकलो. कसला रिपोर्ट? टाकी मी माझ्या हातानं रिकामी परत दिली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर माहीत असलेल्या पोराला गप्प बसवायला बघायचे, तसं. मी बसून घेतलं आणि पाणी मागितलं.

अक्कांचं तोंड हळूहळू भरून आलं. वासुनानांच्या बायकोनं बांधावर काट्या पेटवून वांगी भाजली आणि भरीत केलं. सरांनी ते स्वतः कालवून भरवलं. अक्कांच्या नाकातून पाणी आलं आणि त्या हसल्या. हे मी पाहिलं आहे. अर्ध्या चेहऱ्यानंच, पण हसल्या. केळी निसवायच्या, घड बाहेर पडायच्या आधीच त्या गेल्या.

लोकांना बोलायला विषय मिळाला. बायकोची प्रयोगशाळा केली म्हणे या माणसानं. जनावरांच्या टाकीत तिचा मेंदू घालायला निघाला होता. चालू असलेली गोळी बंद केली, नाहीतर बाई वाचली असती. असं म्हणणाऱ्यांतल्या एकानंही त्या गोळीचं नाव कधी विचारलं नव्हतं. मी भांडायला गेलो असतो, पण भांडून सांगणार काय? रिपोर्ट नव्हताच, हे?

दहाव्याला असोद्याबाहेर ओढ्याकाठी सगळे जमले. कावळा लगेच आला. उतरला, शिवला, उडाला. माणसं चुळबुळली आणि आपोआप सगळ्यांची तोंडं सरांकडे वळली. वासुनाना म्हणाला, "काहो दाजी? इचारा नं आता. पोचलं का?"

दोघेतिघे हसले. दहाव्याच्या दिवशी, सख्ख्या बहिणीच्या पिंडासमोर. पोच नसलेला माणूस कोण, हे मी त्या दिवशी नीट बघून घेतलं. सरांनी खांद्यावरचा पंचा नीट केला आणि केळीच्या वाटेनं चालू लागले. मी मागोमाग गेलो.

ते नळीच्या कडेनं टोकापर्यंत गेले आणि शेवटच्या झाडापाशी उकिडवे बसले. मातीत हात घातला.

"पोचलं असेल का रे?"

"ओलं आहे ना सर, बघा की. मागच्या महिन्यात सगळे जोड मी बदललेत."

"पाण्याचं विचारत नाही."

मग त्यांनी सांगितलं. रुग्णालयातून निघायच्या दिवशी ते अक्कांच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, विमल, रिपोर्ट आला, गोळी पोचत नव्हती, आता बंद, आपण असोद्याला जायचं. "खोटं सांगितलं मी. पोचत होती का नव्हती, मला आजही माहीत नाही. पोचत असेल तर मीच..." मातीतला हात तसाच होता. "पण तिनं शेवटचं तेवढंच मागितलं होतं ना. मोजून सांगतो म्हटलं होतं मी तिला. मोजता आलं नाही, तर काय सांगू? माले माहीत नही, असं सांगू? आणि परत गोळी पुढे करू?"

मी पायानं नळीवरचा पाला बाजूला सारला.

"तिनं ऐकलं आणि हात पुढे केला. असा. मी लोकांपुढे करतो ना, पोच मागायला, तसा. आता मी काय ठेवणार त्यावर? रिपोर्ट कुठला? माझा हातच ठेवला. तिनं मूठ मिटली आणि म्हणाली, पोचलं."

मोटर बंद झाली. नळीतलं उरलेलं पाणी थेंब थेंब पडत होतं.

"तिच्याजवळ तो एकच शब्द होता, ठिबक. पाण्यालाही तोच आणि दुखण्यालाही तोच. मग ती समजून म्हणाली, का दुसरा नव्हता म्हणून म्हणाली? आणि समजून म्हणाली असेल, तर काय पोचलं तिला? मी सांगितलेलं खोटं पोचलं, का मी खोटं का सांगतोय ते पोचलं?"

मला त्या माणसाची इतकी दया कधीच आली नव्हती. मी चटकन म्हणालो, "समजूनच म्हणाल्या सर. सगळं पोचलं त्यांना."

सरांनी मान वर केली. आता ते विचारणार, कशावरून? वर्गात दोन्ही वेळा मी याच प्रश्नावर नापास झालो होतो. माझ्याकडे काहीही नव्हतं. अक्कांच्या खाटेपाशी मी नव्हतो, रसायनशास्त्र मला येत नव्हतं, आणि मेलेल्या माणसाला काय कळलं होतं ते ठिबकवाल्याला कोण सांगणार?

त्यांनी विचारलं नाही. हात मातीतून काढला, उठून पंचाला पुसला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

"बरं झालं, ठिबक," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस."

बापूला म्हणाले होते, तसंच. त्याच आवाजात.